उपग्रहावरून सिनेमा थिएटरात कसा पोहोचतो

शुक्रवारी दुपारी बाराचा खेळ. चित्रपट मुंबईत तयार आहे आणि देगलूर, वणी, खेड, सांगोला अशा गावांतल्या हजारभर पडद्यांवर तो एकाच वेळी लागायचा आहे. गुरुवारी रात्रीपर्यंत प्रत्येक थिएटरात त्याची प्रत हवी, आणि तीही पूर्ण. शेवटचा फाईट सीन नाही, बाकी सगळं आलंय, असं चालत नाही.

फिल्मच्या जमान्यात याचं उत्तर होतं पेटी. ३५ मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट सरकते. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाची पट्टी भरते चार किलोमीटरच्या थोडी वर. ती रिळांत गुंडाळायची, रिळं पेटीत घालायची आणि पेटी रेल्वे पार्सलने किंवा एसटीने रवाना करायची. एक प्रिंट काढायला अर्ध्या लाखाहून जास्त खर्च. त्यामुळे प्रिंटा मोजक्या निघत, त्या आधी मोठ्या शहरांत घासून निघत आणि मग ओरखडे, जोड आणि गळालेल्या फ्रेम घेऊन तालुक्याला येत. तोवर त्याच सिनेमाची चोरटी सीडी बसस्टँडवर मिळू लागलेली असे.

२००५ च्या सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीज या कंपनीने फाइलच उपग्रहावरून थिएटरात पाठवायचा मार्ग धरला. थिएटरच्या गच्चीवर डिश, केबिनमध्ये सर्व्हर आणि डिजिटल प्रोजेक्टर. ऐकायला हे घरच्या डीटीएचसारखंच वाटतं, पण गंमत अशी की टीव्ही दाखवणं आणि फाइल पोहोचवणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. मला यातलं दुसरं काम जास्त अवघड आणि जास्त सुंदर वाटतं.

टीव्हीवर क्षणभर चौकोन चौकोन दिसले तर आपण पापणी मिटून पुढे जातो. गेलेला क्षण गेला. फाइलला ही माफी नाही. ती दाबून लहान केलेली असते आणि वर कुलूपबंद असते. त्यातला थोडासा भाग चुकला तरी पडद्यावर घाण दिसते, किंवा सर्व्हर फाइल उघडायलाच नकार देतो. त्या बदल्यात फाइलला एक सवलत मिळते, ती म्हणजे वेळ. खेळ शुक्रवारी आहे आणि पाठवणी सोमवारपासून सुरू होऊ शकते. पुढची सगळी युक्ती या सवलतीच्या जोरावर उभी आहे.

आधी थोडा हिशोब. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथे एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ घेते, म्हणून जमिनीवरून ते एका जागी खिळल्यासारखे दिसतात आणि डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून (खालून आलेला सिग्नल घेऊन परत खाली सोडणाऱ्या यंत्रातून) साधारण सेकंदाला ४० मेगाबिट डेटा नेता येतो असं धरू. दहा जीबीची फाइल म्हणजे ८०,००० मेगाबिट. भागाकार केला की २,००० सेकंद, म्हणजे तेहतीस-चौतीस मिनिटं. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये ठरवलेल्या डीसीआय मानकात चित्राला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. तिचा पुरेपूर वापर केला तर दोन तासांचा सिनेमा २२५ जीबी होतो आणि त्याच ट्रान्सपॉन्डरवर साडेबारा तास घेतो. भारतातल्या लहान थिएटरांसाठी सुरुवातीला फाइली बऱ्याच जास्त दाबून का पाठवल्या गेल्या, ते यावरून कळेल.

आणि हे साडेबारा तास एका थिएटरसाठी नाहीत, सगळ्यांसाठी मिळून आहेत. खाली दहा डिश असोत की दहा हजार, पाठवणाऱ्याचा खर्च तोच. गावात दवंडी पिटतात तसं आहे: हाळी एकदाच द्यायची, ऐकणारे कितीही असोत. पण दवंडीची अडचणही सोबत येते. ज्याला नीट ऐकू आलं नाही त्याने काय करायचं?

आपण मोबाइलवर फाइल उतरवतो तेव्हा हा प्रश्न येत नाही, कारण तिथे सतत दुतर्फा बोलणं चालू असतं. समोरचा सर्व्हर काही तुकडे पाठवतो, आपला फोन पोच देतो, एखादा तुकडा आला नाही तर तो पुन्हा मागवतो. थिएटरच्या गच्चीवरची डिश मात्र नुसती ऐकते. उलट बोलायचं तर महागडी यंत्रणा आणि परवाना लागतो. तो खर्च केला तरी निम्मंच काम होतं. हजार थिएटरं एकाच वेळी “माझा तुकडा राहिला” म्हणू लागली तर ऐकणार कोण?

म्हणजे फाइल अशीच पाठवायला हवी की कोणी काही मागण्याची गरजच पडू नये.

पहिली तटबंदी अगदी खालच्या थरात असते. उपग्रहावरून येणारा डेटा १८८ बाइटांच्या छोट्या पाकिटांत बांधलेला असतो. पहिल्या पिढीच्या डीव्हीबी-एस या उपग्रह-प्रसारणाच्या पद्धतीत प्रत्येक पाकिटाला गणिताने काढलेले १६ जादा बाइट जोडत. २०४ बाइटांच्या त्या पाकिटात कुठलेही आठ बाइट बिघडले तरी रिसीव्हर ते शोधून दुरुस्त करतो. कुठले आठ, हे आधी माहीत नसतानाही. या गणिताला रीड-सॉलोमन म्हणतात आणि ते १९६० चं आहे. पुढच्या डीव्हीबी-एस२ पद्धतीने एलडीपीसी नावाची जास्त ताकदीची युक्ती घेतली. तीही साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गॅलगर यांनी मांडली होती, पण तेव्हाच्या संगणकांना ती झेपणारी नव्हती, म्हणून काही दशकं पडून राहिली.

या तटबंदीतून किरकोळ खरखर निभावते. पण बिघाड आठ बाइटांच्या पलीकडे गेला की अख्खं पाकीट फेकून द्यावं लागतं आणि फाइलला भोक पडतं.

भोकं बुजवण्याचा सरळ उपाय म्हणजे फाइल पुन्हा पाठवणं. शेवटपर्यंत पोहोचलो की परत पहिल्यापासून, चक्रासारखं. धंद्यात याला कॅरोसेल म्हणतात. सर्व्हर पहिल्या फेरीत जे मिळालं ते जपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत फक्त आपली भोकं भरतो. वाटतं, झालं काम. आता आकडे घालून बघू.

दहा जीबीचे हजार-हजार बाइटांचे एक कोटी तुकडे करू. समजा प्रत्येक थिएटरात हजारात एक तुकडा गळतो. म्हणजे प्रत्येकाकडे ९९.९ टक्के फाइल आली आणि दहा हजार तुकडे राहिले. पण प्रत्येकाचे राहिलेले तुकडे वेगळे! हजार थिएटरांचा हिशोब केला तर एक कोटीपैकी जवळपास ६३ टक्के तुकडे कुठे ना कुठे, कोणाकडे तरी गळालेले असतात. त्यामुळे “जे राहिलंय तेवढंच पाठवू” म्हटलं तरी जवळजवळ दोन तृतीयांश फाइल पुन्हा पाठवणं आलं. चक्र चालू ठेवलं तर दुसऱ्या फेरीनंतर प्रत्येकाचे सरासरी दहा तुकडे राहतात आणि तिसरीनंतरही हजारातली दहाएक थिएटरं एका तुकड्यासाठी अडून बसतात. त्या एकेका तुकड्यासाठी अर्ध्या तासाची आणखी एक फेरी. ट्रान्सपॉन्डरचं भाडं मीटरसारखं चालू.

इथे गणिताने जे केलं ते मला या साऱ्या प्रकरणाचं हृदय वाटतं, म्हणून जरा थांबून बघू.

समजा फाइलमध्ये दोनच तुकडे आहेत: ४७ आणि ३५. दोन्ही पाठवले. देगलूरला ४७ गळाला, वणीला ३५ गळाला. पाठवणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. तो तिसरा आकडा पाठवतो: ८२, म्हणजे दोघांची बेरीज. देगलूर ८२ मधून ३५ वजा करून ४७ मिळवतं. वणी ८२ मधून ४७ वजा करून ३५ मिळवते. एकाच जादा तुकड्याने दोन गावांची दोन वेगळी भोकं बुजली, आणि कोणाचं काय गळालं हे विचारावंही लागलं नाही. खेडला दोन्ही नीट मिळाले होते, ते ८२ कडे दुर्लक्ष करतं.

आता हेच एक कोटी तुकड्यांवर करायचं. प्रत्येक जादा पाकीट म्हणजे यादृच्छिक निवडलेल्या काही तुकड्यांची बेरीज. (संगणक बेरजेऐवजी बिटांची एक्सॉर नावाची सोपी क्रिया करतो, तत्त्व तेच.) कुठल्या तुकड्यांची बेरीज आहे ते पाकिटावरच्या छोट्या क्रमांकावरून सर्व्हरला काढता येतं. ज्या बेरजेत एकच अनोळखी तुकडा उरला आहे ती आधी सुटते. तो तुकडा इतर बेरजांतून वजा केला की त्यातली आणखी एखादी सुटते, आणि बघता बघता गाठ उलगडत जाते. प्रत्येक बेरजेत किती तुकडे घालायचे, हे मात्र अंदाजाने ठरवून चालत नाही. फार कमी घातले तर काही तुकडे कुठल्याच बेरजेत येत नाहीत, फार जास्त घातले तर सुरुवात करायला सोपी बेरीज सापडत नाही. मायकेल लुबी यांनी हे प्रमाण बसवून २००२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. अमीन शोक्रोल्लाही यांनी तिच्यातून रॅप्टर कोड काढले, ते आणखी चपळ. या घराण्याला फाउंटन कोड म्हणतात, म्हणजे कारंज्याचे कोड: कुठलेही थेंब गोळा करा, पुरेसे झाले की भांडं भरलं.

आपल्या उदाहरणात याचा परिणाम काय? फाइलनंतर फक्त ०.२ टक्के बेरजा जादा पाठवल्या तरी हजारही थिएटरांची भोकं बुजतात. २,००० सेकंदांच्या पाठवणीत ही भर आहे चार सेकंदांची. कॅरोसेलला त्यासाठी तासाहून जास्त लागत होता आणि तरी दहा थिएटरं उरत होती.

अर्थात, हजारात एक तुकडा इकडे तिकडे गळतो हे माझं गृहीतक पुस्तकी आहे. खरं आभाळ असं शिस्तीत वागत नाही. डीटीएच असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे की पाऊस कोसळू लागला की डिश बंद पडते. डीटीएच वापरतं त्या केयू बँडच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि मुसळधार पावसाचे थेंब त्यांना चांगलेच शोषतात आणि विखुरतात. सी बँडची लहर जवळजवळ तिप्पट लांब, ती पावसाला फारशी दाद देत नाही, पण तिला डिश मोठी लागते. जुलैत खेडला अर्धा तास सलग सिग्नल गेला तर ४० मेगाबिटच्या वेगाने नऊ जीबी गेले. दहातले नऊ! तिथे ०.२ टक्क्यांच्या बेरजा कामाच्या नाहीत.

मग वेळेची ती सवलत वापरायची. सगळी पाठवणी एका दमात करायची नाही. काही रात्री दोनला, काही दुसऱ्या दिवशी दुपारी, काही बुधवारी पहाटे. एकच ढग तीन दिवस तिन्ही वेळांना एकाच गच्चीवर उभा राहील असं सहसा होत नाही (कोकणात काही आठवडे होतंही, म्हणून तिथे जादा मार्जिन ठेवावं लागतं). फाउंटन कोडची इथे आणखी एक सोय आहे: दुसऱ्या वेळी तेच तुकडे परत पाठवायचे नसतात, नव्याच बेरजा पाठवायच्या असतात. त्यामुळे पहिल्या वेळी ज्याचं थोडंच राहिलं त्याचं काम चटकन संपतं आणि ज्याचं सगळं गेलं तो पहिल्यापासून भांडं भरत बसतो. दोघांसाठी पाठवणी एकच.

यातला एक पेच पटकन लक्षात येत नाही. सोलापूरला कडक ऊन असेल आणि तरी सिग्नल पडेल, कारण पाऊस पाठवणाऱ्या केंद्रावर पडतो आहे. खालच्या एका थिएटरचा पाऊस त्या थिएटरपुरता, वर पाठवणाऱ्या डिशवरचा पाऊस मात्र सगळ्या देशाचा. म्हणून तिथे पावसाचा जोर बघून पाठवण्याची ताकद वाढवण्याची सोय करतात. शिवाय वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास, काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं त्याच्याच गोंगाटात सिग्नल बुडतो. त्याचं वेळापत्रक आधीच काढता येतं, तो त्रास नाही.

फाइल पोहोचली. ती पूर्ण आहे का, हे सर्व्हर तिच्या डेटावरून एक लांबलचक ठसा काढून तपासतो. पाठवलेल्या ठशाशी तो जुळला तरच फाइल खरी.

पण दवंडी सगळ्यांनाच ऐकू जाते, त्याचं काय? सिनेमा दाखवायचे हक्क सर्किट नावाच्या विभागांनुसार विकले जातात. त्या नकाशात विदर्भ अजून सीपी-बेरार सर्किटमध्ये आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये मोडतो. संयुक्त महाराष्ट्र १९६० ला झाला, सिनेमाच्या धंद्याने तो मनावर घेतलेला दिसत नाही. उपग्रह सर्किट मानत नाही. त्याचा सिग्नल सगळीकडे सारखाच पडतो, हक्क विकले असोत वा नसोत. त्यामुळे वाटपाचा निर्णय आभाळात होत नाही, केबिनमध्ये होतो. फाइल कुलूपबंद येते आणि किल्ली वेगळी, दुसऱ्या वाटेने. डीसीआय पद्धतीत या किल्लीला केडीएम म्हणतात. ती काही केबींची असते, ईमेलने येते, एका ठराविक सर्व्हरवरच चालते आणि तिच्यात तारीख-वेळ लिहिलेली असते: अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत. त्याआधी आठवडाभर सिनेमा केबिनमध्ये पडून असला तरी ऑपरेटरला त्यातली एक फ्रेम दिसत नाही. व्यवहारात मोठमोठ्या चित्रपटांचे पहाटेचे खेळ रखडतात ते बहुतेक वेळा फाइलसाठी नाही, पैशांचा हिशोब मिटेना म्हणून किल्ली अडवल्यामुळे. तंत्रज्ञान आधीच येऊन बसलेलं असतं.

कोणी पडद्यासमोर कॅमेरा लावून चोरी केलीच तर त्यासाठी चित्रातच न दिसणारी खूण विणलेली असते. डीसीआयच्या नियमाप्रमाणे दर पाच मिनिटांच्या तुकड्यात थिएटर आणि वेळ सांगणारी ही खूण असायला हवी.

आता कोणी विचारेल, मग पेटी गेली का? नाही. दोन टीबीची हार्ड डिस्क मुंबईहून रात्रीच्या गाडीत ठेवली आणि बारा तासांनी उतरवून घेतली तर तो वेग भरतो सेकंदाला सुमारे ३७० मेगाबिट. आपल्या ट्रान्सपॉन्डरच्या नऊपट. पाच-दहा थिएटरांसाठी डिस्क हाच शहाणपणा. शेकड्यांत गेलं की डिस्का भरणं, पाठवणं, परत मागवणं यातच माणसं दमतात आणि उपग्रह स्वस्त पडतो. शहरांत फायबर आलं आहे, तिथे इंटरनेटवरून उतरवणं सोपं. उपग्रहाचा खरा प्रांत उरतो तो मधला: ठिकाणं खूप, विखुरलेली, आणि सगळ्यांना हवं तेच एक. वाचलेला पैसा कोणाच्या खिशात गेला, हा वेगळाच वाद. डिजिटल कंपन्या निर्मात्यांकडून प्रत्येक पडद्यामागे व्हर्च्युअल प्रिंट फी घेतात. २०१८ च्या मार्चमध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी या फीवरून नवे चित्रपट लावणंच थांबवलं होतं.

हीच यंत्रणा सिनेमाबाहेरही चालते आणि तिथे तिचे नियम बदलतात. युरोपची हवामान-उपग्रह संस्था युमेटसॅट आपली युमेटकास्ट सेवा अशीच चालवते. तिच्या मेटिओसॅट उपग्रहांनी टिपलेली पृथ्वीची चित्रं फाइलींच्या रूपात व्यापारी दळणवळण उपग्रहांवरून युरोप-आफ्रिकेतल्या वेधशाळांच्या साध्या डिशवर उतरतात. तिथे वेळेची सवलत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी नवं चित्र येतं आणि वादळाचा माग काढणाऱ्याला कालचं चित्र बुधवारी पहाटे मिळून उपयोग नाही. त्यामुळे पुन्हा पुन्हा पाठवण्यापेक्षा पहिल्याच खेपेला भरपूर जादा गणित जोडलेलं बरं.

इराणमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेल्या तूशे या सेवेने तर रिसीव्हरही नवा मागितला नाही. फाइलींचा डेटा एका टीव्ही चॅनलच्या रूपात पाठवला जातो. घरच्या सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावायचा, ते चॅनल काही वेळ रेकॉर्ड करायचं, आणि संगणकावरच्या छोट्या सॉफ्टवेअरने त्या रेकॉर्डिंगमधून लेख, व्हिडिओ, कार्यक्रम वेगळे काढायचे. डिश लावणं तिथे नव्वदच्या दशकापासून बेकायदा, तरी ती लाखो घरांवर आहे. थिएटरवाल्यांना जी उणीव वाटत होती, डिशला उलट बोलता येत नाही ही, ती इथे उपयोगी पडते: कोणी काय उतरवलं याची नोंद कुठेच होत नाही, कारण कोणी काही मागितलेलंच नसतं. सरकारच्या हाती उरतो तो जॅमर, म्हणजे त्याच लहरींवर मुद्दाम केलेला गोंगाट. जमिनीवरून केलेला असा गोंगाट आसपासच्या वस्तीपुरताच पोहोचतो. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तो जुलैतल्या पावसासारखाच: मोठं, सलग भोक, आणि ते बुजवण्याचे उपायही तेच.